पाणथरी आणि हिराबायचा हात

आमच्या गावच्या आरोग्यसेविका बाई दोन वर्षं माझ्या मागे लागल्यात, की सुरेखा, तुझ्यावर जे गुदरलं ते लिहून काढ, बायकांना वाचून दाखवायला उपयोगी पडेल. मी टाळत होते. आजारपण सांगायची मला लाज नाही. छातीच्या हाडापासून बेंबीखालपर्यंत टाक्यांची रेघ आहे, ती मी विचारेल तिला दाखवते. पण हे लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागणार होती, जी मी वर्षभर घरात कुणाला कळू दिली नव्हती. त्या वर्षात माझ्या सासूबाईंनी जे सोसलं ते माझ्या आजारपणाहून मोठं होतं.

म्हणून आधीच सांगून मोकळी होते. हिराबायच्या हातानं सुनेची पाणथरी फुटली, असं गावात अजून कुणी म्हणत असेल तर ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं माझं आहे.

हात

माझ्या सासूबाई हिराबाय. आमचं गाव पनवेलला खेटून. भातशेती सरकारनं घेतली आणि तिच्यावर नव्या शहराचे सेक्टर उठले, पण गाव मधोमध तसंच राहिलं. सासूबाईंनी कधी शाळा पाहिली नाही. बाळंतिणीला चोळायचं, तान्ह्याला न्हाऊ घालायचं, कुणाची बेंबी सरकली तर बसवायची, हे त्यांचं काम. सेक्टरातल्या बिल्डिंगमधल्या बायकासुद्धा सुनांना घेऊन यायच्या आणि बाहेर चपला काढून निमूट बसायच्या. सासूबाई आधी पाय जुळवून दोन्ही अंगठे सारखे आहेत का बघायच्या. मग बेंबीवर नाणं, नाण्यावर पेटती वात आणि तिच्यावर पितळेचा तांब्या उपडा. तांब्यानं पोट घट्ट धरलं की म्हणायच्या, आता सोड जीव ढिला. मग खोबरेल लावून चोळायच्या. बाई उठून चालायला लागायची. मी बारावी शिकलेली, अंगणवाडीत कामाला. मला यातलं सगळं पटत होतं असं नाही. पण लग्नानंतर पहिल्या वर्षी मला स्वतःला दोनदा त्या हातानं आराम पडला होता, हेही खरं आहे.

ताप

त्या वर्षी आमच्या तिन्ही बाजूंना इमारतींची कामं चालू होती. पायाचे खड्डे खणून ठेवलेले, त्यांत पाणी साचलेलं आणि त्या पाण्यावर डास. घरोघरी ताप. मलाही थंडी वाजून ताप यायला लागला. एक दिवस यायचा, एक दिवस नसायचा. दहा-बारा दिवस मी अंगावर काढला. घरात माझ्या नणंदेचं, वंदनाचं लग्न ठरलेलं. तांदूळ, पापड, आहेर, सगळं माझ्या गळ्यात. शेवटी अंगणवाडीतून परस्पर नवीन पनवेलच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, मलेरिया निघाला. मग टेबलावर झोपवून डाव्या बरगडीखाली बोटं घातली, मला मोठा श्वास घ्यायला लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

ते म्हणाले, तुमची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे. मलेरियात वाढते, गोळ्यांनी बसेल. पण तोपर्यंत जड उचलायचं नाही, पोटाला धक्का लागू द्यायचा नाही, पोट चोळायचं तर मुळीच नाही. गोळ्या चौदा दिवस, एकही चुकवायची नाही. हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

घरी येऊन मी सांगितलं, साधा ताप आहे, गोळ्या दिल्यात.

का नाही सांगितलं? लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. माझ्या पोटाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांचं लक्ष तिकडेच. एकदा पित्तानं उलटी झाली तर सासूबाई दिवसभर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या, आणि संध्याकाळी खरं कळल्यावर उतरलेल्या चेहऱ्यानं भाकऱ्या थापायला बसल्या. तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. पोटात काहीतरी वाढलंय, हे वाक्य त्या घरात मी कुठल्या तोंडानं बोलणार होते? वर लग्नघर, सून काम टाळायला निमित्त शोधते असंही कुणी म्हणेल. मी तो कागद बांगड्यांच्या डब्यात तळाशी ठेवला. चार दिवसांत ताप उतरला. गोळ्यांनी मळमळायचं म्हणून पाचव्या दिवशी त्याही बंद केल्या.

मूर्ख म्हणा मला. मी रोज म्हणते.

ती सकाळ

हळदीला दोन दिवस होते. सकाळी मी तांदळाची मोठी पिंपं ओसरीतून आत ओढली आणि डाव्या कुशीत कळ आली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, बेंबी सरकली असंल, ये, दोन मिंटांचा काम हाय.

मी नाही म्हणू शकले असते. घरात पाहुण्या बायका जमलेल्या, सगळ्या बघत होत्या. कागद डोळ्यांसमोर आला. मला वाटलं, ताप तर गेलाय, पाणथरी बसली असेल एव्हाना. मी चटईवर आडवी झाले.

तांब्या लावून झाला, मग त्या तेलाच्या हातानं पोट चोळायला लागल्या. बेंबीकडून डावीकडे गेल्या आणि त्यांचा हात थांबला. बोटांनी पुन्हा चाचपलं.

"हितं गाठीसारखा काय लागतंय गो?"

मला माहीत होतं काय लागतंय. मी म्हणाले, "वायगोळा असेल, आई."

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी तो वायगोळा मोडायला घेतला. अंगठ्यानं दाबून, हळूहळू, मायेनं. वाईट याचंच वाटतं, की त्या हातात माया होती.

उठले तेव्हा बरं वाटलं. पाऊण तासानं डावा खांदा दुखायला लागला. पोट नव्हे, खांदा. मला वाटलं पिंप ओढल्यानं लचकला असेल. मग हातपाय गार पडले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी. वंदनानं आरशासमोरून मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, वहिनी, तू पांढरी का दिसतेस? त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. माझा नवरा जनार्दन लग्नासाठी रजा घेऊन घरीच होता. एरवी तो द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डात असतो, तिथून यायला त्याला दीड तास लागला असता. डॉक्टर नंतर म्हणाले, दीड तास नव्हता तुमच्याकडे.

हे वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: ताप येऊन गेलेला, डाव्या कुशीत दुखतंय आणि खांद्याला काही झालेलं नसताना डावा खांदा ठणकतोय, तर चोळत बसू नका. दवाखाना गाठा.

मारलं कुणी?

पनवेलच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. पोटात रक्त भरलेलं होतं. सर्जन आले, त्यांनी जनार्दनला बाहेर काढलं आणि माझ्या कानाशी वाकून विचारलं, मार लागला का? नवऱ्यानं मारलं? घाबरू नका, सांगा.

मी म्हणाले, कुणी नाही मारलं.

त्यांचा विश्वास बसला नसावा. असं म्हणणाऱ्या बायका त्यांनी खूप पाहिल्या असणार. दाराबाहेर हवालदार जनार्दनला नाव-गाव विचारत होता, त्याचा आवाज वाढलेला मला ऐकू येत होता. तेवढ्यात सासूबाई सिस्टरला बाजूला सारून आत आल्या. हाताचं तेलसुद्धा पुसलं नव्हतं.

"पोट मीच चोलला, सायेब. माज्या पोरानी तिला बोट नाय लावला. काय लिवायचा तो माज्या नावावर लिवा."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. अंगात ताकद नव्हती, असं मी वर्षभर स्वतःची समजूत घालत होते. पण कुणी नाही मारलं, एवढं बोलायची ताकद होती ना? मग बाकीची कुठे गेली होती? मी डोळे मिटून घेतले आणि मला आत नेलं.

वॉर्ड

पाणथरी काढावी लागली. आपल्याकडे काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवतात, तसा तो स्टीलच्या ट्रेमध्ये जनार्दनला आणि सासूबाईंना दाखवला. जनार्दन मान फिरवून निघून गेला. सासूबाईंनी नीट पाहून घेतलं. चांगली पपईएवढी झाली होती म्हणे, आणि एका अंगाला चिरलेली. तेव्हापासून त्यांनी मटणातली कलेजी सोडली आहे.

जाग आली तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी. पहिले तीन दिवस पाणी नाही, नुसता ओला कापूस ओठांवर. सकाळी सहाला सिस्टर अंग पुसायची, आठला राउंड. राउंडला सर्जन सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचे, गॅस पास झाला का? चौथ्या दिवशी मी हो म्हटलं तर अख्ख्या वॉर्डानं माझं अभिनंदन केलं. हसायला आलं आणि टाके असे ओढले गेले की आईची आठवण आली. खिडकीतून लांब कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. तो दिसला की मी समजायचे, आणखी एक सकाळ झाली.

माझी भीती सांगते. मरायची भीती पहिल्या दिवशीच संपली. नंतरची भीती वेगळी होती. माझे ते सुरुवातीचे डॉक्टर दारातून आत येतील आणि सगळ्यांसमोर म्हणतील, अहो, मी तुम्हाला चोळू नका म्हणून सांगितलं होतं ना? दार वाजलं की मी आधी त्यांचाच चेहरा शोधायचे. तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. मी सांगितलं, सासूबाईंनी बेंबी बसवायला पोट चोळलं, त्यांचा काही दोष नाही. त्यानं लिहून घेतलं, मी सही केली. दोष नाही असं म्हटलं म्हणजे झालं, असं मला तेव्हा वाटलं.

शेजारच्या खाटेवर खैरूनचाची होत्या, पनवेलच्याच; मुलगा कतारला, सून घरी एकटी. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. माझ्यासाठी दुआ करायच्या आणि जनार्दन आणायचा त्या शहाळ्यावर फुंकर घालून मला द्यायच्या. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझी सास तीन रोज व्हरांड्यात खाली बसलीय. अंदर येत नाही. पोरीचं लग्न पण सोडलंन तिनं. बोलाव तिला, दिल तुटलंय बिचारीचं."

मला माहीतच नव्हतं. वंदनाची हळद होऊन गेली, दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, आणि तिची आई हॉस्पिटलच्या फरशीवर बसून होती. मी बोलावलं. त्या आल्या, खाटेपासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. राउंडवर आलेल्या सर्जननी त्यांना समजावलं, की आजी, मलेरियाची पाणथरी नुसत्या खोकल्यानंसुद्धा फुटू शकते. सासूबाईंनी विचारलं, आन चोलल्यानी? सर्जन म्हणाले, चोळल्यानंही. मग म्हणाले, निरोगी माणसाची पाणथरी बरगड्यांच्या मागे झाकलेली असते, ती हाताला लागतच नाही. हाताला लागली म्हणजे ती वाढलेलीच.

सासूबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

तांब्या माळ्यावर

घरी आल्यावर जनार्दननं माझी चाकरी केली, खोटं कशाला बोलू. माझे केस विंचरले, पेज भरवली. पण आईशी एकच वाक्य बोलला, "यापुढं कुणाच्या पोटाला हात लावलास तर मी या घरात नाय." त्या दिवशी सासूबाईंनी तांब्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकला.

बायका यायच्या, त्या दारातूनच परत पाठवायच्या. वंदनाला पहिलं बाळ झालं, तर तिच्या सासरकडून दुसऱ्या बाईला चोळायला बोलावलं आणि सासूबाई कोपऱ्यात बसून नातवाची अंघोळ बघत राहिल्या. एकदाही हात पुढे केला नाही. गावात कुजबुज होतीच. नळावर कुणी म्हणायचं, सून वाचली म्हणून, नायतर हिराबाय आत गेली असती. मी तिथे कळशी भरत असायचे. कळशी भरून घरी यायचे.

मला सांगायला जमलं नाही याचं कारण मोठं नाही. सगळे मला जपत होते. चार वर्षांत पहिल्यांदा मला कुणी मुलाबद्दल विचारत नव्हतं. सांगितलं असतं तर ते सगळं गेलं असतं. एवढ्यासाठी मी एका बाईचा हात बांधून ठेवला.

थर्मामीटर

पाणथरी काढलेल्या माणसाला ताप साधा नसतो. लस टोचून घ्यावी लागते, गोळ्या घ्याव्या लागतात आणि ताप आला की त्याच तासाला डॉक्टरकडे जावं लागतं. तसं लिहिलेलं कार्ड मी पर्समध्ये ठेवते. वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी माझं अंग तापलं. जनार्दन ड्युटीवर होता. माझ्या मनात लगेच आलं, संध्याकाळपर्यंत बघू. म्हणजे काही म्हणता काही शिकले नव्हते मी.

सासूबाईंनी माझे डोळे बघितले. एरवी त्या कुणाचाही ताप कपाळाला हात लावून सांगायच्या. त्यांचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि मागे गेला. मग आत जाऊन थर्मामीटर घेऊन आल्या. त्यांनी तो कधी आणला मला माहीत नव्हतं. त्यांना आकडे वाचता येत नाहीत. दोन बोटांत टोक धरून, मला स्पर्श होणार नाही असा, त्यांनी तो लांबून माझ्यापुढे धरला.

माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. डॉक्टर, कागद, बांगड्यांचा डबा, सोडलेल्या गोळ्या. आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या हाताला बरोबर लागली होती, आई. वायगोळा म्हणून मी खोटं सांगितलं."

त्यांनी थर्मामीटर माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाल्या, "आदी रिक्षा. मंग बाकीचा."

दोन दिवस सलाईन लागली, ताप गेला. घरी आल्यावर आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, गोळी पुढे ठेवायच्या, पण शब्द नाही. मी जनार्दनलाही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माळ्यावर चढला, तांब्या काढला, चिंच लावून लख्ख घासला आणि आईपुढे नेऊन ठेवला. माफी वगैरे शब्द आमच्या घरात नाहीत. सासूबाईंनी तांब्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी कपडे वाळत घालताना माझ्याकडे न बघता एवढंच बोलल्या, "मी तुला इचारला व्हता ना?"

मी म्हणाले, "हो, विचारलं होतं."

त्यावर पुढे आजवर एक शब्द नाही. त्यांनी मला माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

ओट्यावर

त्यानंतर महिनाभरानं पलीकडच्या आळीतली कमल आली, पोट धरून, सोबत तिची जाऊ आणि आणखी दोघी. सासूबाई म्हणाल्या, मी आता नाय बघत. कमल रडायला लागली. मी आतून चटई आणून ओट्यावर अंथरली. सासूबाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पण खाली बसल्या.

तांब्या घेतला नाही, तेलही नाही. कोरडा हात ठेवला, तोही बेंबीवर नाही. सरळ डाव्या बरगडीखाली. बोटं आत गेली, थांबली. सव्वा वर्षानं तो हात पुन्हा कुणाच्या तरी पोटावर होता.

"ताप व्हता का गो?"

"नाय," कमल म्हणाली.

सासूबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर चार बायका होत्या, त्यातल्या दोघी नळावर बोलणाऱ्याच.

मी कमलच्या उशाशी बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कमल, खरं सांग. यांनी मलापण विचारलं होतं. डॉक्टरांनी पोट चोळू नका म्हणून लिहून दिलं होतं आणि मी ते लपवलं. यांच्या हातानं काही चुकलं नव्हतं. मी खोटं बोलले."

जावेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. कमल वर कौलांकडे बघत होती.

"पाच दिस झाले," ती म्हणाली. "थंडी वाजून येतो."

सासूबाईंनी हात उचलला, दुसऱ्या हातात धरून क्षणभर मांडीवर ठेवला. मग तिच्या चपला स्वतः उचलून तिच्या पायांशी आणून ठेवल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "सुरेखा, रिक्षा बोलाव. मी येते तिच्याबरोबर."